कमरेला गुंडाळलेली शाल

जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना आणि मायबहिणींना जय भीम.

कौसाबाईला जाऊन आज आठ दिवस झाले. तुम्ही हातातली कामं टाकून विहारात आलात. अर्धापूरहून तिची लेक शोभा आली, जावई आले. देवणीकडून तिचे भाऊ-भाचे आले. एवढी माणसं तिच्यासाठी बसलेली बघून बरं वाटतं. पण आज बोलायला उभं राहणं जड जातं आहे.

मला बोलता येत नाही असं नाही. ह्या विहारात मी कितीदा बोलले आहे. शाळेत मी गेले नाही. लग्नानंतर घरच्यांकडून अक्षरं शिकले आणि मग मिळेल तो कागद वाचत गेले, वाण्याच्या पुडीचासुद्धा. म्हणून गाव मला पेपरवाली म्हणतं. आमच्या घरचे गेले तेव्हासुद्धा मी इथंच उभी राहून चार शब्द बोलले होते. तेव्हा आवाज हलला नाही. आज हलतो आहे. तो दुःखानं नाही. दुःखाची मला ओळख आहे, ते घरातच राहतं. आज मला लाज वाटते आहे.

आत्ता गुरुजी बोलले. ते म्हणाले, दुष्काळात कौसाबाई दिवसाला एक तांब्या पाणी पिऊन राहिली, आपला वाटा तिनं शेजारच्या लेकरांना दिला, अशी त्यागी बाई होणे नाही. त्यांच्या आधी उपसरपंच बोलले, त्यांनीही तेच सांगितलं. गुरुजी, राग मानू नका. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? मीच सांगितली. वीस-बावीस वर्षं मीच सांगत आले. आणि ती अर्धीच खरी आहे.

तिनं एक तांब्या पाणी पिऊन दिवस काढले, हे खरं. लेकरांना पाणी दिलं, हेही खरं. पण ती पाणी पीत नव्हती ते त्यागासाठी नाही. का, ते मला माहीत होतं.

कौसाबाईनं माझ्यावर एक काम सोपवलं आहे. ती म्हणाली होती, "मी हाय तवर न्हाई. मी गेल्यावर सांग. शोभी असंल तिथं सांग. अन माझं एकटीचं सांगू नको, तुझंबी सांग." मी "हाव" म्हणले होते. ते सांगितल्याशिवाय मी आज खाली बसले, तर मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडला, असं होईल. तिला मी एकदा फसवलं आहे. दुसऱ्यांदा नाही फसवणार.

तर माझं आधी सांगते. मला लघवी धरवत नव्हती. शिंकले की सुटायची, हसले की सुटायची. कौसाबाईलाही धरवत नव्हती. तिला माझ्याआधी किती तरी वर्षं. झालं, सांगून टाकलं. इथल्या बाप्या माणसांनी खाली बघितलं तरी चालेल. कान मात्र इकडं ठेवा.

तो दुष्काळ ज्यांना आठवतो ते आठवा. लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या पाट्या, नव्या कचेऱ्या, धुरळा उडवत जाणाऱ्या नव्या जीपा. म्हातारे म्हणायचे, जिल्हा जवळ आला अन पाणी लांब गेलं. टँकर आधी गावात जायचा. तिथं भागल्यावर उरलंसुरलं आपल्या वस्तीला. मी आणि कौसाबाई रोजगार हमीच्या कामावर होतो, पाझर तलावाच्या. मी घमेली भरायची, ती वाहायची. आमची जोडी लागलेली होती.

ती सारखी बाभळीमागं जायची. मुकादम ओरडायचा, "कौसाबाई, तुझी हजेरी कामावर लावू का बाभळीमागं?" बाया हसायच्या. कौसाबाईसुद्धा हसायची आणि हसता हसता पदर आवळायची.

एका दुपारी भाकरी खाताना ती मला म्हणाली, "पेपरवाले, एक इचारू का? कुणाला बोलू नको. घमेलं उचललं की सुटतंय. खोकलं की सुटतंय. मी लई धरून ठिवते गं, पण आत धरणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई असं वाटतंय."

मी काय म्हणले असेन? मला काही माहीत नव्हतं. मला माहीत नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. पण मी पेपरवाली. माहीत नाही, हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. मी म्हणले, "बाळंतपणाचं हाय ते. बायांना होतच असतंय. तू पाणी कमी पीत जा. पोटात जाणारच न्हाई, तर येईल कुठून?"

तिनं विचारलं, "तू वाचलंस का हे?"

मी म्हणले, "हाव, वाचलंय."

बायांनो, मी ते कुठंही वाचलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं. एवढ्यावर तिनं माझा शब्द धरला. तो एक 'हाव' माझ्या तोंडून निघाला, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढचं सगळं त्याच्यातून आलं.

त्या महिन्यात मी वस्तीसाठी दुसरा टँकर मागायचा अर्ज लिहिला. आम्ही पाच जणी तो घेऊन गेलो. एक साहेब पाहणीला आले. मी त्यांना आपला रिकामा आड दाखवला, कोरडे रांजण दाखवले. आणि आमचे हाल कळावे म्हणून कौसाबाईला हाताला धरून पुढं केलं. म्हणले, "साहेब, ह्या बाई दिवसाला एक तांब्या पाणी पितात, बघा."

मी ते तक्रार म्हणून सांगितलं. साहेबांनी तिचं कौतुक केलं. म्हणाले, "वा. हा आदर्श गावागावात गेला पाहिजे." आठ दिवसांनी शाळेपुढं मांडव पडला. शाल आणि नारळ देऊन कौसाबाईचा सत्कार. दुसरा टँकर आला का? नाही आला. ज्या वस्तीतली बाई एका तांब्यावर राहते, तिथं दुसरा टँकर कशाला, असं झालं. आम्ही पाणी मागायला गेलो आणि शाल घेऊन आलो.

मी का बोलले नाही? तिथं माझंही नाव पुकारलं होतं. अर्ज लिहिणाऱ्या सुशिक्षित भगिनी म्हणून. मला बसायला खुर्ची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सुशिक्षित म्हटलं होतं.

सत्काराच्या सकाळी कौसाबाई माझ्या दारात आली होती. "मला नको नेऊ. दोन तास मी कशी बसू?" मी तिला म्हणले, "सकाळपासून काही पिऊ नको, निभतंय." ती पाण्याच्या घोटाशिवाय उन्हात दोन तास बसली. साहेबांनी खांद्यावर शाल घातली. तेवढ्यात मांडवाचं कापड फडफडलं, धुरळा आत आला आणि तिला खोकला लागला. एक, दोन, तीन. मी बघत होते. तिनं खांद्यावरची शाल काढली, दोन वेढे देऊन कमरेला गुंडाळली आणि तशीच उभी राहिली.

सगळा मांडव हसला. मागून एक जण म्हणाली, "अगं माय, ती शाल हाय, लुगडं न्हाई." साहेबही हसले. तुमच्यातल्या कितीतरी जणांना ते आठवत असेल. गावात ती चेष्टाच होऊन बसली, कौसाबाईला शाल घ्यायची अक्कल नाही म्हणून.

मी खुर्चीत होते. मला माहीत होतं शाल कमरेला का गेली. आणि मीसुद्धा हसले. हसले नसते तर लोकांनी माझ्याकडं बघितलं असतं, म्हणून हसले.

त्यानंतर ती बदलली, असं तुम्ही म्हणायचात. जयंतीला, पौर्णिमेला आपण सगळ्या पांढऱ्या लुगड्यात येतो. कौसाबाई गडद निळ्या नाहीतर चॉकलेटी लुगड्यात यायची. मागं बसायची, गाथा संपायच्या आत उठून जायची. "कौसाबाईला पांढऱ्याचं वावडं हाय." "धम्मात मन न्हाई बाईचं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बोलणाऱ्यांतल्या काही जणी आज इथं आहेत. तुमचा दोष नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. पांढऱ्यावर डाग दिसतो, एवढीच गोष्ट होती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

शोभा, आता तुला सांगायचं ते सांगते. वर बघ, बाई.

तुझ्या दुसऱ्या बाळंतपणाला तुला प्रवास करायचा नव्हता. तू आईला बोलावलंस. निरोप पाठवलास, मग पत्र पाठवलंस. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. ती आली नाही. तू म्हणालीस, आईला माझ्यापेक्षा शेळ्या प्याऱ्या आहेत. तू ते म्हणालीस हे तिला कुणीतरी येऊन सांगितलं.

ती निघाली होती, शोभा. तिनं डिंकाचे लाडू बांधले होते, बाळाची दुपटी शिवली होती. मी तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेले होते. नांदेडची गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, चढा." तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. मला म्हणाली, "तीन तास हायेत गं. मधी गाडी थांबत न्हाई. भरल्या गाडीत झालं तर मी लेकीच्या सासरी कशी शिरू?" गाडी गेली. ते लाडू तिनं वाटेवरच्या पोरांना वाटले.

तिला माया नव्हती असं नाही, बाई. तिला तुझ्या दारात ओल्या लुगड्यानं उभं राहायचं नव्हतं.

पुढं तिला दोनदा मुतखडा झाला. डॉक्टर रागावले, आजी पाणी प्या, पाणी प्या. ती हो म्हणायची आणि घरी येऊन तोच एक तांब्या. खडा होण्याला पाणी कमी हे एकच कारण नसतं, एवढं मला आता कळतं. पण ते एक कारण असतं. आणि ते मी तिला दिलेलं होतं.

मग साठी ओलांडल्यावर मलाच तो त्रास सुरू झाला. माझ्या सुनेनं माझी लुगडी वाळत घालताना ओळखलं. मला म्हणाली, "आत्या, लपवू नका, चला." तिनं मला लातूरला एका डॉक्टरीणबाईकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. लघवीच्या वाटेभोवती मांसाचं एक वळं असतं. आपण न सांगता ते आवळलेलं राहतं, म्हणून लघवी थांबते. खोकलो, वजन उचललं, की त्यानं आणखी आवळायचं असतं. तो हुकूम त्याच्यापर्यंत एक नस नेते. अवघड बाळंतपणात ती नस ताणली जाते, वळं ढिलं पडतं. ह्यात बाईचा काही गुन्हा नाही. कौसाबाई बाभळीखाली म्हणाली होती, आत धरणारं कुणी राहिलं नाही. अक्षर न येणाऱ्या बाईनं नेमकं तेच सांगितलं होतं. वाचणारीला कळलं नाही.

त्यांनी तपासणी केली. बारीक सुई लावली, मशीन सुरू केलं आणि म्हणाल्या, आता आवळा. मशीनमधून आवाज आला, तेलात मोहरी तडतडावी तसा. म्हणाल्या, "छान. नस काम करते आहे. व्यायामानं फरक पडेल." मग विचारलं, "पाणी किती पिता?" मी म्हणले, कमीच. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पाणी कमी प्यालात की लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते, आणखी घाई होते. कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

मी सांगू शकले नाही की हे मीच लोकांना सांगत आले.

व्यायाम साधा होता. लघवी अडवताना आवळतो तसं बसल्या जागी आवळायचं, थोडं थांबायचं, सोडायचं. दिवसातून तीनदा, रोज, महिनोन् महिने. चार-पाच महिन्यांत मला गुण आला. मी बाजारला जाऊ लागले. अंगणात नातवामागं पळू लागले.

तुम्हाला वाटेल, मी त्याच दिवशी कौसाबाईकडं धावत गेले असेन. नाही गेले. दीड वर्ष नाही गेले. कारण हे सांगायचं, तर तेही सांगावं लागलं असतं, की मी तेव्हा खोटं बोलले होते. रोज संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर तिच्या शेजारी बसायची. तिथं बसल्या बसल्या तो व्यायामसुद्धा करायची. ती माझ्या शेजारी तोच एक तांब्या दिवसभर पुरवायची. आणि मी बोलायची नाही. ह्याच्यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलं नाही.

शेवटी तिनंच धरलं. ज्वारी पाखडत होती. मला दोन शिंका आल्या. ती सूप थांबवून म्हणाली, "पेपरवाले, तू आता मधी उठत न्हाईस. शिंकलीस तरी बसून राहिलीस. कामून गं?"

मग मी सांगितलं. सगळं.

ती म्हणाली, "किती दिस झाले?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तू माझ्याजवळ कोरडी बसून राहिलीस." मग म्हणाली, "अन ते तव्हा वाचलं होतंस का खरं?"

"न्हाई."

ती पुन्हा पाखडू लागली. मी उठून आले. बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या दारावरून जायची तर तोंड फिरवून. तेराव्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन उभी. "चल. कुठं हाय ती डॉक्टरीण? अन गाडीत दाराजवळची जागा तू धरायची, तुझं कामच हाय ते."

लातूरला तिची तपासणी झाली. मशीनमधून आवाज अगदी थोडा आला. एक तडतड, मग बराच वेळ काही नाही, मग एक. कौसाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "बाई, रेडिओवानी माझं ठेसन लागंना व्हय?" डॉक्टरीणबाई हसल्या. पण म्हणाल्या, नस फार वर्षांपासून अशक्त आहे, थोडा गुण येईल, पूर्ण येणार नाही, आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर कौसाबाई मला म्हणते, "उचल आता मान. फरशी लई चांगली हाय म्हून बघून राहिलीस काय?"

तिनं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तसं ती कधी बोलली नाही. तिनं मला सोबत नेलं, एवढंच.

तिनं व्यायाम सोडला नाही. निम्म्यानं फरक पडला. ती पोटभर पाणी पिऊ लागली. आणि शोभा, मागच्या थंडीत ती तुझ्याकडं आली, आठ दिवस राहिली. दोन गाड्या बदलून आली, मी सोबत होते. तुझ्या केळीच्या बागेत हिंडली. तू विचारलंस, "आई, एवढ्या वर्षांनी कशी काय आलीस?" ती म्हणाली, "जीव झाला." परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "लेकीपुढं माझी जीभ रेटली न्हाई." तेव्हाच तिनं हे काम मला दिलं.

जानेवारी संपता संपता तिचं काळीज थांबलं. दुखणं वेगळंच होतं. तिला मी मारलं, असं मी म्हणत नाही. पण तिची वीस वर्षं मी सुकवली. ती वीस वर्षं लेकीच्या घरी, विहारात पुढच्या रांगेत, गाडीच्या खिडकीशी जायला पाहिजे होती. ती कुठून परत आणू?

शोभा, तुझ्या आईचा निरोप पोचवला. मला जे म्हणायचं असेल ते तू म्हण. आज नाही तर उद्या म्हण. मी ऐकून घेईन.

आणि बायांनो, इथं अशा आणखी किती बसल्या आहेत, मला माहीत नाही. हात वर करा म्हणत नाही. माझा मीच वर केला आहे. जिला यायचं असेल तिच्यासोबत मी लातूरला येते. आणि कुणी पाणी कमी पी म्हणून सांगितलं, तर तिला विचारा, कुठं वाचलंस, दाखव. मी म्हणले तरी विचारा.

आता कौसाबाईसाठी आपण सगळे थोडा वेळ उभे राहून शांत राहू. मधेच जिला जावं लागेल तिनं खुशाल जावं. धरून उभी राहू नका. बाकीच्यांनी माना खालीच ठेवाव्या, कोण गेलं ते बघू नये. आणि ती परत आली की थोडं सरकून तिला जागा द्यावी.

उभे राहा.